उतरलेला गंधार

मागच्या वर्षी एप्रिलमधली संध्याकाळ. लेक तिच्या डिजिटल पियानोसमोर बसून परीक्षेची तयारी करत होती. पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षेत नुसतं वाजवून भागत नाही, कानाचीही परीक्षा असते. परीक्षक दोन सूर वाजवतो, त्यांच्यातलं अंतर ओळखायचं. किंवा तो एक सूर देतो आणि त्यापासून सांगितलेल्या अंतरावरचा दुसरा आपण गायचा. तिला त्या दिवशी 'मेजर थर्ड' पक्का करायचा होता. घरात मीच हाताशी होते, म्हणून तिनं मला समोर बसवलं. तिनं सा दिला, तिच्या भाषेत 'सी'. मी गंधार, म्हणजे सारेगमधला ग, लावला. तिनं पियानोवरची 'ई'ची पट्टी दाबली, जरा वेळ कान दिला आणि म्हणाली, "आई, तू खाली लागतेस गं. अगदी थोडीशी."

मी परत लावला. परत खालीच. मग पियानोचा सूर ऐकून त्याला चिकटून गायले तेव्हा तिचं समाधान झालं. मी 'भाजी लागेल' म्हणत आत गेले. गॅसवर भाजी नव्हतीच.

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलेलं होतं, वयाच्या चौदाव्या वर्षी.

माझं लहानपण नागपूरच्या महाल भागातल्या आजोळी गेलं. आबाजी, म्हणजे आईचे वडील, कचेरीत कारकून होते. गाणं त्यांनी कधी लोकांसमोर मांडलं नाही, पण पहाटेचा तानपुरा त्यांनी कधी चुकवला नाही. मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्याजवळ गोधडीत गुंडाळून बसायची. ते पेटी, म्हणजे हार्मोनियम, घरात येऊ देत नसत. का, ते त्यांनी कधी समजावलं नाही. एवढंच म्हणायचे, "गंधार आपण लावायचा नसतो बेटा. तो आधीच आलेला असतो. आपण जाऊन त्याच्याशेजारी बसायचं." मला ते मोठ्या माणसांचं बोलणं वाटायचं. पण त्या भोपळ्यातून तिसरंच कोणीतरी बारीक आवाजात गातं, हे मला पक्कं ठाऊक होतं. जोडीच्या तारा सा म्हणायच्या, एक तार पंचम, म्हणजे प, म्हणायची, आणि कोणीही न छेडलेला गंधार वर कुठेतरी तरंगत असायचा.

पुढे शाळेच्या समूहगीतात माझी निवड झाली. मधलं एक कडवं मी एकटीनं म्हणायचं होतं. शिकवणारे पेटी घेऊन बसायचे. तीन-चार तालमी झाल्यावर त्यांनी भाता थांबवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचा गंधार उतरतो." कडवं दुसऱ्या मुलीला गेलं. मी मागच्या रांगेत. घरी मी काही बोलले नाही. नंतर दहावी आली, आबाजी गेले, तानपुरा गवसणीत गेला. गाणं असंच सुटलं, कोणाच्या लक्षातही न येता.

म्हणून लेकीनं 'खाली' म्हटल्यावर मला राग आला नाही, भीती वाटली. आणि पहिल्यांदाच हेही वाटलं, की एकदा नीट समजून घ्यावं: खाली म्हणजे कशाच्या खाली?

सुरुवात तिच्या पुस्तकापासून केली. पहिली अडचण नावाचीच. सी पासून ई पर्यंत जाताना चार पट्ट्या चढाव्या लागतात: काळी, पांढरी, काळी, पांढरी. मग नाव 'तिसरा' का? लेक म्हणाली, "सी, डी, ई. तीन झाले ना?" म्हणजे निघालो ती पायरीसुद्धा मोजायची. एकदम ओळखीचं वाटलं. दिवस सात असले तरी आपणही आठवडा म्हणतो, कारण या सोमवारपासून त्या सोमवारपर्यंत दोन्ही सोमवार धरतो. तेरवी मोजताना माणूस गेला तो दिवस पहिला असतो. सा, रे, ग, बोटं तीनच. गंमत पुढे आहे. खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंतच्या पल्ल्याला ते लोक आठ मोजून अष्टक म्हणतात आणि आपण सात मोजून सप्तक म्हणतो, कारण आपल्या लेखी आठवा म्हणजे परत पहिलाच. दिवस मोजताना आठ आणि सूर मोजताना सात, अशा दोन्ही रीती एकाच भाषेत सुखानं नांदतात.

तर 'मेजर थर्ड' म्हणजे सा आणि शुद्ध गंधार यांच्यामधलं अंतर. गंधार एक पट्टी खाली घेतला, कोमल केला, की 'मायनर थर्ड'. भूप आणि यमन दोन्ही रागांचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार आहे; तो जिवंत नसेल तर दोन्ही राग उभे राहत नाहीत. पाश्चात्त्य संगीतात तर एखादी रचना मेजर की मायनर हे याच एका सुरावर ठरतं. सा आणि पंचम तेच, मधला गंधार हलला की घरातला दिवा मालवल्यासारखं होतं. एका सुराच्या हातात इतकं असतं, हे मला आबाजींकडे बसूनही कळलेलं नव्हतं.

पण 'खाली'चं उत्तर अजून मिळालं नव्हतं. ते मिळालं इतवारीत.

तानपुऱ्याच्या तारा गंजल्या होत्या, एक खुंटी निसटत होती. जून उजाडल्यावर, पहिला पाऊस पडून हवा जरा नरम झाल्यावर, तो रिक्षात आडवा धरून इतवारीतल्या एका जुन्या कारागिराकडे नेला. बोळातलं दुकान, एका खाटेएवढं. काका पेटीचं काम करत बसले होते. पितळी सुरांची फळी मांडीवर आणि हातात बारीक कानस. सुराच्या पातीच्या टोकाकडे कानस फिरवली की सूर चढतो, मुळाकडे फिरवली की उतरतो. टोक हलकं झालं की पाती चपळ होते, मूळ पातळ झालं की ती सैलावते. हे त्यांनी मला दोन्ही बाजूंनी करून दाखवलं. मी माझी गोष्ट सांगितली. लेकीचं बोलणं, शाळेतलं बोलणं, दोन्ही.

त्यांनी कानस खाली ठेवली. "ताई, पेटीचा गंधार चढाच असते. चढा ठेवाच लागते, नाही तं बाकीचे सूर भांडतात. तुमच्या आबाजींचा तंबोरा अन् शाळेतली पेटी, दोघांचा गंधार एक कसा राहीन?"

एवढ्या सरळ शब्दांत हे मला कोणी चाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

घरी येऊन कागद घेतला. आपल्याकडच्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांत उदाहरणासाठी सा सेकंदाला २४० कंपनांचा धरतात. तार छेडली की ती अख्खी हलते, त्याच वेळी अर्ध्या-अर्ध्या भागांत हलते, तिसऱ्या भागांत, चौथ्या भागांत, पाचव्या भागांतही हलते. पाच भागांत हलणाऱ्या तारेतून पाचपट कंपनं निघतात, म्हणजे १२००. हा गंधारच, फक्त दोन सप्तकं वरचा. दोनदा निम्मा करून खाली आणला की ३००. म्हणजे निसर्गाचा गंधार ३००, आणि सा शी त्याचं नातं पाचास चार. आबाजी ज्याला 'आधीच आलेला' म्हणायचे आणि गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो हाच. पियानोचा आणि पेटीचा गंधार मात्र ३०२.४ च्या आसपास असतो. लेकीला 'थोडीशी' वाटलेली ती अडीच कंपनं.

ती कुठून आली, ते सांगायचं तर एकावर एक तीन गंधार रचून पाहायचे. २४० वरून ३००. आता ३०० ला सा मानला तर त्याचा गंधार ३७५. ३७५ चा गंधार ४६८.७५. पियानोवर असे तीन 'मेजर थर्ड' चढलं की आपण नेमके वरच्या सा वर येतो, कारण चार त्रिक बारा. पण वरचा सा तर ४८० ला आहे! निसर्गाचे तीन गंधार मिळूनही सव्वाअकरा कंपनं कमीच पडतात. हिशेब बसतच नाही. बसणारही नाही, पाचाचे कितीही गुणाकार केले तरी दोनाचा गुणाकार हाती लागायचा नाही. मग वाद्य बनवणाऱ्यानं काय करायचं? त्यानं तिन्ही गंधारांना थोडं थोडं वर ओढलं आणि तूट सगळ्यांत सारखी वाटून टाकली. बाराही पट्ट्यांमधलं अंतर एकसारखं झालं. आता कुठल्याही पट्टीला सा माना, गाणं सारखंच वाजणार. कोणताच गंधार पूर्ण खरा नाही, पण कोणताच वैरीही नाही.

आधी मला ही लबाडी वाटली. आता वाटत नाही. ज्या संगीतात एकाच रचनेत सा चारदा जागा बदलतो, तिथे प्रत्येक सा ला घर मिळावं म्हणून केलेली ती तडजोड आहे. आपला सा बैठक संपेपर्यंत हलत नाही, म्हणून ती तडजोड करायची वेळ आपल्यावर येत नाही. भांडण सुरू होतं ते त्यांची पेटी आपल्या बैठकीत येऊन बसल्यावर.

आणि युरोपालाही हा गंधार आयता मिळालेला नव्हता, हे वाचून तर मी चाटच पडले. मध्ययुगात तिथे सूर पंचमाच्या मापानं मोजत. चार पंचम चढायचे, दोन सप्तकं उतरायची, की गंधार. तो येतो ३०३.७५ वर, पियानोच्याही वर. असा कर्कश गंधार त्यांना पुरता सुसंवादी वाटत नसे, आणि रचना विसावायची ती सा-पंचमावर, गंधार बाहेर ठेवून. पंधराव्या शतकात इंग्रज रचनाकारांची गोड गंधारांची शैली युरोपात पसरली. १५५८ मध्ये व्हेनिसच्या झार्लिनो यांनी पाचास चार या नात्याला शास्त्रात मानाची जागा दिली. त्याच शतकात पंचम किंचित बिघडवून गंधार शुद्ध ठेवणारी जुळणीही चालू झाली, म्हणजे आजच्या अगदी उलट. आजची सारखी वाटणी सर्वत्र रुळली ती त्याच्या फार नंतर. म्हणजे लेकीच्या पियानोतला गंधार हा एका लांबलचक भांडणातला आताचा तह आहे.

ही अंतरं मोजायला सोपं माप दिलं ते अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकानं, १८८५ च्या सुमारास. सप्तकाचे १२०० भाग, प्रत्येक भाग एक सेंट, शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. पियानोचा गंधार ४०० सेंटांवर, तारेतला ३८६ वर. चौदा सेंटांचा फरक. मी कागदावर १४ लिहून त्याभोवती गोल केला. माझ्या सबंध गाण्याची किंमत चौदा सेंट.

हे लिहिताना एक गोष्ट नीट सांगायला हवी. चौदाव्या वर्षी माझा गंधार आबाजींच्या तानपुऱ्यातला होता, की घाबरलेल्या मुलीचा नुसताच उतरलेला, हे आता कळायला मार्ग नाही. कदाचित तो नुसताच उतरलेला असेल. मला न्याय नको आहे. मला एवढंच वाटतं, की त्या दिवशी कोणीतरी पेटी बाजूला ठेवून एकदा तानपुऱ्यावर ऐकून पाहायला हवं होतं.

पेटीवरचा हा राग माझ्या आबाजींपुरता नव्हता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातल्या श्रुती, म्हणजे सुरांच्या बारीक जागा, मोजल्या आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्या मापांवरून श्रुतींची पेटीही घडवली गेली. आकाशवाणीनं १९४० पासून पेटीवर बंदीच घातली होती, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. नागपूर केंद्र सुरू झालं १९४८ साली, त्यामुळे आबाजींच्या पिढीनं सकाळी रेडिओवर जे गाणं ऐकलं त्यात पेटी नव्हती. त्यांचा कान त्यानंही घडला असेल. मला बंदी पटत नाही. ज्या वाद्यानं गावोगावच्या भजनी मंडळांना सूर दिला, माझ्या आईला दिला, त्याला दाराबाहेर ठेवणं बरं नव्हे. त्यापेक्षा काकांच्या हातातली कानस मला जास्त पटते. तेही गिऱ्हाइकानं मागितलं तर गंधार खाली घेऊन देतात. पेटीवाले त्याला गांधार ट्यूनिंग म्हणतात. मग ती पेटी एकाच पट्टीच्या गाण्याला उपयोगी, पण त्या पट्टीत ती तानपुऱ्याशी भांडत नाही. आणि पेटीला एकल वाद्याचा मान मिळवून देणारे, तिला संवादिनी म्हणणारे पंडित मनोहर चिमोटे मूळचे नागपूरचेच. आपल्या गावातून एक माणूस निघाला आणि त्यानं वाद्याचं नावच संवादावरून ठेवलं, हे मला फार आवडतं.

नागपूरचा आणखी एक धागा आहे, अगदी बारीक. चंद्रशेखर वेंकट रामन तरुणपणी सरकारच्या वित्त खात्यात होते आणि १९१० च्या सुमारास त्यांची बदली इथे झाली होती. वर्षभरात ते कलकत्त्याला परतले. पुढे १९२१ मध्ये त्यांनी आपल्या तंतुवाद्यांवर एक टिपण लिहिलं. तार भागाभागांत हलताना जे वरचे सूर निघतात ते उपस्वर. तार जिथे छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, असते ते एरवी ऐकू यायला नकोत. तानपुरा आणि वीणेत मात्र ते येतात. कारण घोडीची, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याची, किंचित गोलाई. तानपुऱ्यात त्या घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा जीव असतो, तो जागेवर बसला की जवारी लागते, म्हणजे सूर झंकारतो. तार घोडीला अलगद शिवत-सुटत राहते, आणि त्या शिवण्यातून दबलेले उपस्वर वर येतात. आबाजी सूत चिमटीत धरून केसभर सरकवायचे आणि एकदम थांबायचे, ते यासाठी. काकांनी जवारी काढून तानपुरा परत दिला तेव्हा मी दुकानातच तो खांद्याला लावून पाहिला, आणि बोळातली सगळी गर्दी क्षणभर लांब गेली.

परीक्षेत लेकीनं पियानोचा गंधार गायला. ते बरोबरच होतं. पियानोबरोबर गायचं तर पियानोचाच गावा. मला वाटलं, विषय संपला. पण डिसेंबरात ती सदरमधल्या एका चर्चच्या नाताळच्या गायनात गेली, आणि मी तालमीला मागच्या बाकावर बसले. वीस-पंचवीस मुलं, वाद्य नाही, नुसते गळे. शेवटच्या शब्दावर तिन्ही सूर एकदम: सा, गंधार, पंचम. शिकवणाऱ्या बाईंनी हात वर करून सगळ्यांना तिथेच धरून ठेवलं, आणि मधल्या ओळीकडे, गंधारवाल्यांकडे, तळवा खाली दाबत हळूच म्हणाल्या, "थोडं खाली. अजून थोडं. आता ऐका." आणि ते तीन सूर एकमेकांत असे बसले, की माझ्या अंगावर काटा आला. चर्चचं छत भरून गेल्यासारखं वाटलं. मुलांचा आवाज वाढलेला नव्हता, पण मोठा ऐकू येत होता.

पाश्चात्त्य संगीतातल्या बाई पाश्चात्त्य गाण्यातच गंधार खाली घ्या म्हणत होत्या. मी इतके दिवस मनाशी आपलं आणि त्यांचं अशी जी रेघ ओढली होती, ती चुकीच्या जागी होती. गळा मोकळा असला की तो सगळीकडे त्याच गंधाराकडे जातो. पट्ट्यांच्या वाद्याला तेवढं जाता येत नाही.

आता या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे तीन, बाहेर पंचेचाळीस अंश. आमच्याकडे उन्हाळ्यात खोलीचा सा कूलर लावतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे मोटर गुणगुणते ती १०० कंपनांवर, आणि वर पंख्याचा धबधबा. तानपुऱ्याचं काही ऐकूच येत नाही. लेक पियानोवर होती, मी तानपुरा नुसताच पुसत बसले होते. आणि लाइट गेली.

कूलर घरघरत थांबला. पियानो मध्येच मुका झाला. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकत राहिलं, मग तेही थांबलं. मी तानपुरा मांडीशी घेतला, मणी थोडे सरकवले आणि छेडायला लागले. लेक फरशीवर आडवी होऊन ऐकत होती. बऱ्याच वेळानं तिनं डोकं उचललं. "आई, यात ई वाजतेय. तू तर ती तारच लावली नाहीयेस." तिच्या लेखी सा म्हणजे सी, मग पट्टी कुठलीही असो. मी काही बोलले नाही. ती उठून बसली आणि कोणी न सांगता त्या सुरात गायला लागली. आधी तिच्या सवयीचा, पियानोचा लागला. तिचा तिलाच तो टोचला असावा, कारण आवाज आपोआप घसरत खाली आला आणि एका जागी थांबला. मी तिच्याबरोबर लावला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. घामानं दोघी भिजलो होतो.

लाइट आली तेव्हा ती धावत पियानोकडे गेली. ऑर्गनचा आवाज लावला, खालच्या सप्तकातल्या सी आणि ई एकत्र दाबून धरल्या आणि कान पुढे केला. त्या पट्टीत दोन सुरांचे उपस्वर एकमेकांना सेकंदाला पाचेक वेळा धडकतात, लक्ष दिलं की मोजता येतात.

"आई, हा थरथरतोय! इतकी वर्षं मला कसं नाही कळलं?"

मी कूलर बंद केला. ती पट्ट्या दाबूनच बसली होती, बोटानं मांडीवर ती थरथर मोजत.

"पण मला हा पण आवडतो," ती म्हणाली. "पाण्यासारखा आहे."

मी तिच्या शेजारी स्टुलावर बसले आणि म्हटलं, सोडू नकोस, तसाच धर. मला नीट ऐकायचाय.